गळपट्टीच्या आतलं नाव

३ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पहाटे जाग आली ती तुझ्या शिवणयंत्राच्या खडखडाटानं. आता इथे कुठलं यंत्र! पण त्याच तालावर मी शाळेच्या कविता पाठ करायचो. तुझा पाय थांबला की माझी ओळ अडायची, आणि धाकटा मात्र खोलीभर गिरक्या घेतच राहायचा. म्हणून तर तू त्याचं नाव भिंगरी ठेवलंस.

त्यानं धर्मगुरूपण सोडलं त्याला वीस वर्षं झाली. तेवढाच तुझा त्याच्याशी अबोला. मी निवृत्तीनंतर त्याच्याकडेच तळ ठोकून आहे. घर कसलं, नुसत्या खाटाच खाटा! इस्पितळानं परत पाठवलेले आणि घरच्यांनी न नेलेले इथे येतात. हा त्यांच्या चादरी धुतो, पाठी पुसतो, घास भरवतो. ते त्याला ‘माजी फादर’ म्हणतात. हाही खुशाल ओ देतो.

काल त्यातला एक गेला. रस्त्यावरून आणलेला, वाचा गेलेली, नाव कुणालाच ठाऊक नाही. इथला शिरस्ता असा, की जाणाऱ्याला घरातल्या सर्वांत चांगल्या कपड्यात पोचवायचं. धाकट्यानं ट्रंक उघडली आणि तू भरतकाम करून दिलेला, वेदीपाशी मिस्साची प्रार्थना चालवताना तो घालायचा तो झगा काढला. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तो तुझी वाट पाहतो गं. बोलून दाखवत नाही इतकंच.

रागावलीस तरी दोन ओळी धाड.
तुझा भाऊ

११ जून

चि. भाऊस,
अ. उ. आ.

सत्तरी गाठलीस तरी मुद्द्यावर यायला तुला आधी कविता लागते.

त्या झग्यावर मी अख्खा हिवाळा डोळे फोडले. यानं पद सोडलं तेव्हा लोक म्हणाले, झगा परत माग. मी मागितला नाही. तो ट्रंकेत आहे तोवर हा कधीतरी पुन्हा वेदीपाशी उभा राहील, अशी माझी वेडी आशा. ती त्यानं मातीत पुरली. कुणाही वाटसरूच्या अंगावर चढवायला मी तो शिवला नव्हता, म्हणावं.

आणि त्याला एक विचार. गळपट्टीच्या आत, कुणाला दिसू नये असं, मी लाल दोऱ्यानं ‘भिंगरी’ काढलं होतं. ते तरी उसवलं का? नाही सांगितलं तरी माझं काही अडलेलं नाही.

गुडघे कुरकुरतात, मीही. पथ्य सांभाळ.
अक्का

१७ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

भाऊ म्हणाला, तुझं तूच निस्तर. म्हणून लिहितोय. कागदाला साबणाचा वास लागला तर नाक मुरडू नकोस.

नाव उसवलं नाही. कात्री हातात घेतली होती. मग वाटलं, या माणसाला हाक मारायला एक नाव नाही, आणि माझ्याजवळ एक नुसतं पडून आहे. देऊन टाकलं. माती लोटताना त्याच नावानं त्याला निरोप दिला.

वेदीपाशी मी परत जाणार नाही, अक्का. बदलीचा हुकूम आला की रोग्यांना मध्येच टाकून निघायचं, ते मला जमेना. त्यात बदल नाही. झगा मात्र तुला विचारून काढायला हवा होता. रागाव, पण एकदा इथे येऊन रागाव.

तुझा धाकटा

२ जुलै

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

धाकट्याला तुझं उत्तर नाही. तो काही विचारत नाही; पण काल पोस्टमन विजेचं बिल देऊन गेला, तेव्हा पठ्ठ्यानं पिळलेलीच चादर पुन्हा पिळली.

खिडकीजवळच्या खाटेवर एक आजी आल्यात. हाडांचा नुसता सापळा, कूस बदलवताना कळवळतात. त्यांना पाठीकडून उघडणारे मऊ अंगरखे हवेत. धाकट्यानं एक शिवून पाहिला. टाके असे, की पोतं बरं. आजी म्हणाल्या, मेल्यावर घालीन. मी सुई घेऊन बसलो, तर दोरा ओवण्यातच दुपार गेली, आणि कुठलीशी जुनी कविता अर्धवट आठवत राहिली, अडलेल्या ओळीसकट. तू असतीस तर

थांब. दारात गाडी उभी राहिलीय. डोक्यावर शिवणयंत्र घेतलेला एक हमाल विचारतोय, हे कुठे ठेवू. आणि त्याच्या मागून कुणीतरी काठी आपटत विचारतंय, भिंगरी कुठाय म्हणून.