पंगत उठल्यावर

बाई, तुमच्या खुर्चीत बसून मला दोन वर्षं झाली. दारावर पाटी आहे, समाजकार्य विभाग प्रमुख. तुमच्या काळी पाटी नव्हती, कारण तुम्ही त्या खोलीत कधी सापडायच्याच नाहीत. सापडायच्या त्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात, पालक निवडताना, आणि सकाळची बैठकही तिथेच व्हायची. बाहेर वाडीकडे जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न वाजतायत, कढईत फोडणी पडतेय, आणि आजी-आजोबांच्या आंघोळी आटपून आलेल्या मावश्या ओल्या पदरानं तुमच्याभोवती बसल्यात, हे मला अजून जसंच्या तसं दिसतं.

माझा पहिला आठवडा. नुकती पदवी घेतलेली, हातात नवी डायरी, अंगात भलतीच हुशारी. एका आजींबद्दल मी धडाधड वाचायला लागले. तुम्ही पालकाची जुडी खाली ठेवलीत. "तू आंघोळ घातली काय वं त्याहिले?" मी म्हटलं, नाही. "मंग थांब जरा. जिनं घातली, तिले बोलू दे आधी." मावश्या पदराआड हसल्या. मला इतका राग आला की मी दुपारी जेवलेच नाही, आणि तुम्हीही मनधरणी केली नाहीत. डॉक्टर बसलेले असले तरी तुमचा नियम तोच. ज्या बाईचा हात अंगाला लागतो ती आधी, मग आपण, औषधवाले सगळ्यांत शेवटी.

तुम्ही गेलात त्याला सोळा वर्षं झाली. प्रमुख झाल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर ती बैठक उचलून ऑफिसात आणली. चार खुर्च्या, फॉर्म, भिंतीवर वेळापत्रक. मावश्यांनी यायचं नाही, नोंदी लिहून द्यायच्या. ज्यांना भरवावं लागतं त्यांची जेवणं साडेअकरालाच उरकायची, म्हणजे बाकीच्यांच्या वेळी गोंधळ नको, हेही माझंच डोकं. सगळं कसं नेटकं झालं होतं, आणि मी स्वतःवर फार खूश होते.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे एक आजोबा आले. भिवापूरकडचे, जन्मभर लग्नकार्यांत आचारी. लकव्यानं उजवी बाजू गेलेली, जीभ जड. आल्यापासून तोंडच उघडेनात. घास नेला की ओठ घट्ट. फॉर्मवर आधी 'भूक मंद' आलं, मग 'सहकार्य करत नाहीत'. औषधं बदलून झाली. वजन उतरत गेलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, सोमवारी नाकातून नळी घालू. मी त्यांच्या मुलीला बोलावलं आणि संमतीचा कागद तिच्यापुढे ठेवला. तिनं तो हातात धरूनच विचारलं, "नळी टाकल्यावर बाबा पुन्हा तोंडानं खातीन का, मॅडम?" मी सहीची जागा बोटानं दाखवली.

तेवढ्यात त्यांना आंघोळ घालणारी मावशी चहा घेऊन आत आली. मुलीनंच तिला विचारलं, बाबा तुमच्याशी काही बोलतात का? मी नव्हतं विचारलं, बाई. मावशी माझ्याकडे बघत चाचरत म्हणाली, "भरवाले गेली का रोज एकच इचारतेत, पंगत उठली काय म्हणून. म्या म्हटलं, नाही जी, अजून कुकरच होऊन राहिला. मंग ते कायले खातीन?"

मुलीनं भिंतीवरचं वेळापत्रक बघितलं आणि ती एकदम रडायला लागली, आणि रडता रडता हसायला. "साडेअकराले भरवता तुम्ही त्याहिले? सगळ्यांच्या आधी? बाबा आचारी होते, मॅडम. शेवटची पंगत उठल्याबिगर त्याहिनं घास नाही घेतला कधी. घरीसुद्धा."

त्या दिवशी आम्ही त्यांची चाकाची खुर्ची जेवणघरात नेऊन ठेवली आणि भरवलं काही नाही. ते टक लावून ताटं बघत होते. एका आजोबांचं वरण संपलं तर डाव्या हातानं खूण केली, वाढा म्हणून. शेवटचा माणूस हात धुवायला गेला तेव्हा मावशी त्यांच्या कानाशी वाकली. "उठली जी पंगत. सारे जेवले." आणि त्यांनी तोंड उघडलं. वरणात कुस्करलेली पोळी, आलू-वांग्याची भाजी, सावकाश, अर्धी वाटी. मग तोंड वाकडं करून म्हणाले, मीठ कमी आहे. मी आनंदानं वेडी झाले होते. सोमवारी डॉक्टर म्हणाले, नळीचं थांबू, बघू काही दिवस. त्याला आता कितीतरी महिने झाले, अजून बघतोच आहोत. बैठक दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात गेली. मावश्या इतक्या बोलतात की डॉक्टरांची पाळीच येत नाही.

मुलीनं सगळ्यांसमोर माझे आभार मानले, ते मी घेतले. इतर आश्रमांतली माणसं हे शिकायला येतात, त्यांनाही मी रंगवून सांगते. त्यातली एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही. मघापासून इथे तुमची माफी मागायला शब्द जुळवतेय, पण माफी मागायची ती तुमची नाहीच. मावशी आत्ता खालीच आहे, आंघोळी आटपल्या असतील. एवढं लिहून पत्र इथेच ठेवते आणि तिच्याकडे जाते. त्या चहाच्या चार दिवस आधी ती ऑफिसच्या दारात उभी होती. "मॅडम, आजोबाचं थोडं बोलाचं होतं." मी मान वर न करता म्हटलं, फॉर्मवर लिहून द्या. तिला लिहिता येत नाही, हे मला माहीत होतं.