थोरकन पानी

१२ एप्रिल २०२५

पाठ दिसेल म्हणाले होते. फक्त पाठ!

तोंड आलं. पूर्ण मोबाईलभर माझं तोंड. डाव्या भुवईवरचा कटसुद्धा.

खोलीवर सात जण एका मोबाईलवर वाकले होते. राकेश ओरडला, "अबे, ये तो अपना पियुष है!" साऱ्यांनी पाठीवर थापा मारल्या. मलेही भारी वाटलं, खोटं काहून लिहू. मायले फोन लावणारच होतो. मग सिरीजमधला मी दार वाजवतो, बाई दार उघडते, मी म्हणतो — "दीदी, पानी मिलेगा?" आणि त्याच्या पुढचं सारं दाखवलं. राकेशनं मोबाईल उलटा ठेवला.

१३ एप्रिल

नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं थंड होईल.

डिसेंबरात आमच्या सळईच्या मिलच्या बंद शेडमध्ये शूटिंगवाले आले. 'दोपहरवाला' नावाची सिरीज. बारा वर्षांआधी रायपुरात एक माणूस भर दुपारी पाणी मागून घरात शिरायचा, एकट्या बाईले मारायचा. चार बाया मारल्या. सापडला नाही. त्याचा एक फोटो नाही कोणापाशी. म्हणून त्याच्या जागी उभा कराले कोणी पाहिजे होता. शूटिंगवाला अभिनव भैया माझ्याकडं पाहून म्हणे, "ये कट असली है? बढ़िया! छुपाना मत." कट तर मागच्या वर्षीचा — सळईचा तुकडा उडून लागला!

खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे — नाट्य रूपांतरण. मी थांबवून थांबवून तीनदा वाचलं. दुसऱ्या कोणी एकदाही वाचलं नसेल.

१५ एप्रिल

गेटवरचा वॉचमन, कॅन्टीनवाला, क्रेनवाला — ज्याले पाहा तो "दीदी, पानी मिलेगा?" मीही हसून राहिलो. काय करू.

१७ एप्रिल

हसणं संपलं. कोणीतरी सिरीजमधला माझा फोटो काढून व्हॉट्सॲपवर सोडला. "यही है दोपहरवाला. बीरगांव में देखा गया. माताएँ-बहनें सावधान." बीरगांव म्हणजे आमचीच वस्ती.

मालकीणबाई मले बेटा म्हणते, भाजी देते. आज दुपारी मले पाहून तिनं आतून कडी लावली. मी बालटी घेऊन गेलो होतो. नळ तिच्या अंगणात आहे! पाणीच मागाले गेलो होतो मी!

१८ एप्रिल

पुलगाववरून फोन. मोनालीचे बाबा, श्यामकांत मामाजी. ११ मे ले आमचं साक्षगंध आहे. रोज "जावईबापू" म्हणायचे, आज "पियुष" म्हणाले.

"मामाजी, हे झालं तेव्हा मी चौथीत होतो! दहा वर्षांचा!"

"मले समजते ना बावा. मले समजून काय होते? गावाले कोण समजावन? पोरीले विचारून राहिले लोक — दोपहरवाल्याच्या घरी चालली काय म्हणून."

"शाळेचा दाखला पाठवतो."

"दाखला कोण वाचते? व्हिडिओ साऱ्यांनी पाहिला." मग म्हणे, "काहीतरी कर. नाहीतर आमच्यानं होत नाही."

मागून मोनालीचा मेसेज आला. "तुम्ही ते काहून केलं?"

ते म्हणजे शूटिंग, का ते? विचाराची हिंमत नाही झाली.

१९ एप्रिल

अभिनव भैया फोन उचलत नाही. शंकर नगरले गेलो, ऑफिसले कुलूप. खालचा पानवाला म्हणे, "वो लोग तो कब के मुंबई गए." मग माझ्याकडं नीट पाहिलं अन् म्हणे, "भैया, एक फोटो?"

२० एप्रिल, रविवार

डोक्यात आलं ते केलं. सिरीजमध्ये एक बाई बोलते, रमाबाई. तिच्या बहिणीले त्यानं मारलं. तो पळताना तिनं त्याले समोरासमोर पाहिलं. साऱ्या रायपुरात एकटी तीच. तिनं मोबाईलवर एकदा बोलून दिलं की हा तो नव्हे, तर मामाजीच काय, कोणीच काही म्हणणार नाही.

पुरानी बस्तीत विचारत विचारत गेलो. आपलीच माणसं निघाली, जुने नागपूरकडचे. दार उघडलं आणि ती भिंतीले टेकली. हातातलं ताट पडलं.

"बाई, मी तो नव्हे!" पाया पडलो. मराठी ऐकून जराशी सावरली. पण दार उघडंच ठेवलं, शेजारणीले हाक मारून ओट्यावर बसवलं.

सारं सांगितलं. म्हणे, "समजते रे पोरा. त्याचं वय आता पन्नासच्या वर असन. पण सिरीज मी पाहत राहते. त्यात माझी वीणा दिसते ना, तिच्या लग्नाचा व्हिडिओ घेतला त्यांनी. वीणासाठी पाहते अन् मग तू येते. आता डोळे मिटले का तुझंच तोंड येते. त्याचं येतच नाही."

मी म्हटलं, तरी बोलून द्या. म्हणे, "तो कसा होता तेच आठवत नाही, तर तू तो नव्हे असं कोणत्या तोंडानं सांगू? वीणाची शपथ घेऊन खोटं नाही बोलत मी."

मग मी वेड्यासारखा खिडकीत उजेडाले उभा राहिलो. "पाहा बाई, नीट पाहा. हा कट पाहा. नाक पाहा. असा होता काय तो?" इकडून पाहा, तिकडून पाहा. बिचारी पाहत राहिली. तास तरी झाला असन. शेवटी आठवत नाही म्हणून मान हलवली.

निघताना म्हणे, "एक गोष्ट पक्की आठवते. तो दीदी नव्हता म्हणत. छत्तीसगढी बोले. 'नोनी, थोरकन पानी पियाबे?' — पोरी, जरासं पाणी पाजशील? असं गोड, घरच्यासारखं. शूटिंगवाल्याइले सांगितलं होतं मी. ते म्हणे, बाहरवालों को समझेगा नहीं."

व्हिडिओ नाही मिळाला.

२३ एप्रिल

मिलच्या ठेकेदारानं रात्रपाळी दिली. म्हणे, दिन में लेबर की औरतें डरती हैं.

२६ एप्रिल

पकडला! पकडला!! टीव्हीवर दाखवून राहिले. तोंडावर पिवळा गमछा. सिरीज पाहून त्याच्याच भाच्यानं पोलिसले खबर दिली.

मामाजीचा फोन — "जावईबापू, सुटलो ना बावा आपण!" मोनालीचा मेसेज — शेरवानी कोणत्या रंगाची घेता? मालकीणबाईनं वाटीभर भाजी आणून दिली, डोळ्याले डोळा नाही देत. राकेश माझ्याच चपलीनं मले ओवाळून राहिला. किती दिवसांनी पोट भरून जेवलो!

२९ एप्रिल

रमाबाईचा फोन. उद्या तिले ठाण्यात शिनाख्तले, म्हणजे त्याले ओळखाले, बोलावलं आहे. भेव वाटून राहिलं म्हणे. मी म्हटलं, "बाई, घाबरू नका, तुम्ही ओळखसान."

३० एप्रिल

संध्याकाळी पुन्हा तिचाच फोन. रडून राहिली होती.

"दहा जणं उभे केले होते रे. कोणाले बोलू नाही दिलं. मी एकेकाचं तोंड पाहिलं. दोनदा पाहिलं."

"मग?"

"त्यात तू नव्हता."

४ मे

सोडलं त्याले. दुसरा सबूत नाही म्हणे.

ठाण्यात गेलो. म्हटलं, साहेब, त्याले परत बोलवा, बोलाले लावा! नोनी म्हणाले लावा, बाई आवाजावरून ओळखते! मुंशी हसला. "तू वो पानीवाला है न?" दोन शिपायांनी माझ्यासंगं सेल्फी काढली. एक अक्षर लिहून नाही घेतलं.

मी तिले खिडकीत उभं राहून तोंड दाखवलं नसतं तर? तासभर! कट पाहा, नाक पाहा! मीच पुसलं त्याले. शूटिंगवाल्यानं अर्धं पुसलं होतं, बाकीचं मी.

मामाजी फोन उचलत नाहीत. मोनालीचा व्हॉट्सॲपवरचा फोटो गेला, आता नुसता गोल दिसते.

७ मे

दुपारी खोलीवर एकटाच. दार वाजलं. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर पिवळा गमछा. उन्हानं घामाघूम.

"बाबू, थोरकन पानी पियाबे?"

मी आत जाऊन ग्लास भरून आणला. त्याच्या हातात दिला. मग कानात शिरलं ते.

सावकाश प्यायला. ग्लास परत दिला. माझ्या तोंडाकडं पाहत राहिला, लेकराकडं पाहावं तसा. म्हणे, "तोर मुँह बने हे, बाबू" — चांगलं आहे म्हणे तुझं तोंड — "सम्हाल के राखबे."