उभ्या गाडीची थरथर

६ ऑक्टोबर, सोमवार

आज पुन्हा थरथरली! दुसऱ्या फेरीत, पेंट शॉपच्या मागे. हँडल हातात धरवेना, वर गुरगुर असा आवाज. उतरलो, पुन्हा चढलो — नीट चालली. गोदामाच्या कोपऱ्यावर परत तेच. उरलेली फेरी गाडी ढकलत नेली. कुणी बघितलं नसावं.

ही गाडी कंपनीने सिक्युरिटीला देऊन चार महिने झाले. दोन चाकं शेजारी-शेजारी, मध्ये फळी, तिच्यावर उभं राहायचं. पुढे झुकलं की चालते, मागे झुकलं की थांबते. आम्ही तिला उभी गाडी म्हणतो. चाकणचं हे आवार एवढं मोठं आहे की पायी माझ्याने एक फेरी होते. शिफ्टला लागतात सहा. म्हणजे गाडी गेली की मीही गेलो. मग थेरगावात मुलाच्या घरी दिवसभर टीव्हीसमोर बसायचं. सून चांगली आहे. पण बसायचं कसं?

७ ऑक्टोबर

कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहितो. खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा झाली. लेथला नारळ, क्रेनला नारळ, कॅन्टीनच्या मिक्सरलासुद्धा हार. माझ्या गाडीला नुसती दोन झेंडूची फुलं. वाईट वाटलं. मी घरून नारळ नेला होता, तो तिच्या फळीवरच फोडला. सगळं पाणी रबरी मॅटखाली गेलं. तिसऱ्या दिवसापासून ही थरथर.

फळीखाली सगळं इलेक्ट्रॉनिक! आणि वर मी, सातवी शिकलेला शहाणा.

८ ऑक्टोबर

दुसऱ्या शिफ्टच्या ज्योतीरामला गाडी दाखवली. लातूरकडचा आहे, हाताला बरा. नारळाचं बोललो नाही. त्याने हँडलचे बोल्ट आवळले, दोन्ही टायरची हवा बघितली. मग स्वतः चढला आणि गेटपर्यंत जाऊन आला. काही नाही! मी चढलो — शंभर पावलांत थरथर.

"अर्जुनराव, तुम्हाला बघून गाडीला थंडी वाजायलीय बघा. माझ्याखाली तर गरीब गाय हाय."

हसलो. करणार काय?

९ ऑक्टोबर

मॅट उचलली. खाली नारळाची शेंडी आणि हळदीकुंकवाचा वाळलेला लगदा. कोरड्या फडक्याने पुसून काढलं, तासभर उन्हात ठेवलं. पहिल्या फेरीत सगळा वेळ खाली फळीकडेच बघत होतो, पाणी कुठून पाझरतंय का म्हणून. एकदाही थरथरली नाही! देवाला हात जोडले.

दुसऱ्या फेरीत मान वर करून निघालो. कंपाउंडच्या भिंतीपाशी पुन्हा सुरू.

१० ऑक्टोबर

तीन फेऱ्या, चार वेळा.

११ ऑक्टोबर, शनिवार

कळलंच शेवटी. सुपरवायझर रविराजने कॅमेऱ्यात बघितलं, मी गाडी ढकलतोय ते. बोलावून घेतलं. पोरगा वाईट नाही, माझ्या मुलाहून लहान.

"काका, खरं सांगा. थरथरतंय कोण? गाडी, की तुमचे हात?"

"गाडी."

"बाकी कुणाखाली थरथरत नाही."

तो म्हणाला, मंगळवारी गाडीवाल्यांचा माणूस येईल. गाडीत बिघाड निघाला तर प्रश्नच नाही. नाही निघाला तर माझं वय बघता त्याला एजन्सीला कळवावं लागेल.

१२ ऑक्टोबर, रविवार

सुट्टी. पेला काठोकाठ भरून हातात धरला. डावा हात, मग उजवा. एक थेंब सांडला नाही. पाच वेळा करून बघितलं. बायको, कस्तुरा, स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

"काय खेळ मांडलाय ह्यो?"

"हात बघतोय."

"हाताला काय झालंय? पायाचं बघा आदी. परवा डांगे चौकातनं एक चप्पल घालून आलात. दुसरी कुटं पडली त्येचा पत्ता न्हाई!"

चपलेचा अंगठाच सैल होता. तिला दर गोष्टीत माझी शुगर दिसते. गोळी घेतो, चहा बिनसाखरेचा घेतो. आता आणखी काय करू?

१३ ऑक्टोबर

उद्या माणूस येणार. डबा तसाच परत आणला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

माणूस नव्हे, मुलगी आली. निवेदिता नाव, पंचविशीची असेल. लॅपटॉप जोडला, आधी स्वतः चालवून बघितली. मग रविराजला चालवायला दिली. दोघांनाही काही झालं नाही. तिथेच नारळाचं सांगून टाकलं, रविराजच्या समोर! ती हसली.

"काका, सगळ्या कंपन्यांत फोडतात. त्यामुळे काही झालेलं नाही. चढा तुम्ही."

चढलो. ती शेजारून चालत आली. भिंतीपाशी हँडल थरथरायला लागलं.

"थांबा. खाली बघू नका. तुमचा डावा पाय कुठे आहे?"

"फळीवर. सरळ."

"आता बघा."

बघितलं. अर्धा पाय मॅटच्या बाहेर! टाच तर हवेतच होती. आत घेतला, थरथर थांबली. तिने मला पुन्हा समोर बघून जायला सांगितलं. पन्नास पावलांत पाय परत बाहेर — आणि मला पत्ता नाही. तीनदा तसंच झालं.

ती म्हणाली, मॅटखाली पाय ओळखणारी बटणं आहेत. एक पाय सुटला की ही गाडी हँडल हलवून सांगते. बनवलीच तशी आहे. बिघाड नाही.

रविराज म्हणाला, "म्हणजे गाडी ओके."

"गाडी ओके आहे. काकांना डॉक्टरांना दाखवा, आजच."

रविराजने किल्ली मागितली. नजर चुकवून मागितली. मी दिली.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळ

डावा बूट निघेना म्हणून कस्तुराने ओढला. बुटाच्या तळातून आत आलेला पत्र्याचा स्क्रू, मोज्यासकट टाचेत रुतलेला. कधीचा, सांगता येत नाही. मोजा रक्ताने कडक झालाय. ती किंचाळली. मी तिच्याकडे बघत राहिलो — मला काहीच दुखत नव्हतं.