अकरा दिवे

३ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नमस्कार लिहायचा म्हणून लिहिला आहे, हात जोडायची इच्छा नाही. फोनवर तू आधी ओरडतोस आणि मग फोन ठेवून देतोस, म्हणून कागद घेतला.

तुझ्याकडून घेतलेली हायब्रिड गाडी काल उड्डाणपुलाच्या चढावर बंद पडली. चार दिवसांपूर्वी इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि विझला. काल लाल त्रिकोण लागला आणि गाडीतला जोरच गेला. मागे हॉर्नचा कल्लोळ. खुब्याच्या ऑपरेशननंतर ज्या आजींना मी काल पहिल्यांदा उभं करणार होते, त्या दोन तास पलंगाच्या काठावर पाय सोडून माझी वाट बघत बसल्या आणि शेवटी कंटाळून एकट्याच उठायला गेल्या. पडल्या नाहीत, हे माझं नशीब.

मेकॅनिकने यंत्र लावून बघितलं. मागच्या सीटखालच्या मोठ्या बॅटरीला थंड ठेवणारा पंखा धुळीने गच्च भरला आहे. जुन्या गाडीत हे होतंच, म्हणाला. पण यंत्रात असंही निघालं की पहिला इशारा अठ्ठ्याहत्तर हजार किलोमीटरला आला होता. दोन-चार दिवस दिवा राहायचा आणि आपोआप जायचा, असं नऊ वेळा. तू गाडी दिलीस तेव्हा काटा एक्क्याण्णव हजारांवर होता.

सात वर्षांत एकही दिवा लागला नाही, असं तू छातीवर हात ठेवून म्हणाला होतास. अरे, खरं सांगितलं असतंस तरी मी गाडी घेतली असती, आधी पंखा साफ करून घेतला असता एवढंच. तूच ना आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचास, की चावी फिरवली की आधी अकराच्या अकरा दिवे मोजायचे, आणि एक जरी कमी भरला तरी गाडी जागची हलवायची नाही? असा माणूस सख्ख्या बहिणीला थापा मारतो, हे मला पचत नाही.

लोभ पुढे राहील की नाही, ते तुझ्या उत्तरावर आहे.

तुझी,
मिरची


८ एप्रिल

चि. मिरचीस,
अनेक आशीर्वाद. शिव्या नाहीत, आशीर्वादच आहेत, हे आधी नीट वाच.

एकतीस वर्षं मी ड्रायव्हिंग शिकवतो आहे. आजवर मला खोटारडा म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती, ती घरातल्याच माणसाची झाली. पुन्हा सांगतो, दिवा लागला नव्हता. लागला असता तर मला दिसला नसता का? तुझा मेकॅनिक तुला बनवतो आहे. तू मागच्या सीटवर ते व्यायामाचे चेंडू, उशा आणि वॉकर कोंबतेस, त्याने हवेची जाळी बुजली असणार. शिवाय चढावर तू पाय दाबून धरतेस. शिकताना शंभरदा सांगितलं होतं.

इकडचं म्हणशील तर तुझ्या वहिनीने घर माझ्यावर उठवलं आहे. जिन्याच्या शेवटच्या पायरीशी बादली ठेवते. माझ्या पायाचा अंगठा सुजून टम्म झाला आहे. चहाचा कप टेबलाच्या अगदी काठाला ठेवते, माझा हात लागून सांडतो, आणि वर माझ्याच तोंडाकडे बघत बसते.

२८ तारखेला, रविवारी, मी येतो. गाडी मी स्वतः चालवत इकडे आणतो आणि माझ्या डोळ्यांदेखत उघडायला लावतो. तुझ्या लेकीला सुट्टी आहे, तिलाही शेजारी बसवून घेऊन येईन. दोनशे किलोमीटरमध्ये एक जरी दिवा लागला तर मिशी उतरवीन.

चिडली असलीस तरी वेळेवर जेवत जा.

तुझा खरं बोलणारा,
दादा


१२ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादाचं पत्र सोबत परत पाठवते आहे. त्याला दाखवू नकोस. शेवटच्या चार ओळी बघ, एकावर एक लिहिल्या आहेत. मला दिव्याखाली धरून लावाव्या लागल्या. सही अर्धीच आहे, उरलेली तुमच्या टेबलावर सापडेल. वरचं अक्षर मात्र छापल्यासारखं आहे. हात थरथरत असता तर सगळं पान बिघडलं असतं.

मग मी पत्र पुन्हा वाचलं. शेवटची पायरी, बादली, टेबलाचा काठ. वहिनी, मी रोज माणसांना जिने चढायला-उतरायला शिकवते. समोरचं दिसतं पण खालचं दिसत नाही, अशी माणसं मी पाहिली आहेत. या गाडीत वेगाचा आकडा वर आहे आणि इशाऱ्याचे दिवे खालच्या ओळीत.

तू इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसत होतीस. तुला दिवे दिसले होते की नाही, तेवढंच लिही. दिसले असतील तर मी चुकीच्या माणसाला बोल लावला आहे आणि तू मला लावू दिलास.

उत्तराची वाट बघणारी,
मिरची


१६ एप्रिल

चि. मिरचीस,
अनेक आशीर्वाद.

दिसले. नऊच्या नऊ वेळा दिसले. पहिल्यांदा मी बोट दाखवलं. यांनी मान खाली घालून बघितलं, उन्हाची तिरीप आहे म्हणाले आणि विषय बंद केला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर नंबर यायच्या आत उठून निघून आले. जगाला गाडी शिकवणाऱ्या माणसाला बायकोने रस्ता दाखवायचा, हे यांना सोसत नाही.

गाडी तुला द्यायची, हे माझ्याच डोक्यातून निघालं. मला ती दारातून गेलेली हवी होती. तू तपासून घेशील असं मी धरून चालले. तिथे मी चुकले आणि त्या आजी पडल्या असत्या तर तो दोष माझा होता. पण तूही ऐक. दोन वर्षं मी या माणसाशेजारी जीव मुठीत धरून बसले आहे. पुढे खड्डा आहे, पोर आडवं येतंय, हे सहज बोलल्यासारखं सांगत आले आहे. आणि तू दोन महिन्यांतून एकदा येतेस, दादासारखं कुणी चालवत नाही म्हणतेस आणि जातेस. मलाही राग येतो. मला कुणी विचारलं नाही म्हणून मी बोलले नाही, एवढंच.

आता ही गाडी गेली, तरी आठवड्यातून दोन दिवस ड्रायव्हिंग शाळेच्या गाडीवर शिकवायला जातातच. रविवारसाठी बॅग भरून ठेवली आहे. मी नको म्हटलं की तू बहिणीला फितूर झालीस म्हणतात. आता तूच काय ते कर. मी थकले.

मनात राग ठेवलास तरी येणं-जाणं ठेव.

तुझी,
वहिनी


१९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला खोटारडा म्हटलं, ते शब्द मागे घेते. राग मागे घेत नाही. तुझ्या डोळ्यांना खालचं दिसत नाही आणि तू ते कुणाला बोलू देत नाहीस. रविवारी गाडीची चावी तुला मिळणार नाही. लेक तर नाहीच नाही. तिला मी तुझ्या हट्टापायी रस्त्यावर काढणार नाही.

पटत नसेल तर शाळेच्या गाडीत बस. वहिनीला शेजारी घे. चावी अर्धी फिरव, इंजिन चालू करू नकोस. नजर वेगाच्या काट्यावर ठेव, मान खाली घालायची नाही, आणि दिवे मोज. वहिनीही मोजेल. आकडा जुळला तर मी दारात उभी राहून माफी मागेन आणि चावी आणि लेक दोन्ही तुझ्या हवाली करीन. नाही जुळला तर काय करायचं, ते तूच आम्हाला शिकवलं आहेस.

तुझ्यावर जीव आहे म्हणूनच इतकी भांडते.

तुझी,
मिरची


२५ एप्रिल

चि. मिरचीस,
अनेक आशीर्वाद.

कागद अर्धे कापून घेतले आहेत, तळाशी जायची वेळच येऊ नये म्हणून. हा तिसरा तुकडा. पहिले दोन रागात फाडले.

सोमवारी गाडीत बसलो. चावी फिरवली, काट्यावर नजर ठेवली आणि ठणकावून अकरा म्हणालो. तुझ्या वहिनीने माझं बोट धरून खालच्या ओळीवर नेलं. बोटाला कागद लागला. सकाळीच तिने खालच्या सहा दिव्यांवर पट्टी चिकटवून ठेवली होती. उघडे पाचच होते आणि मी अकरा मोजले. म्हणजे मी मोजलेच नाहीत, मिरची. आकडा पाठ होता. किती वर्षं नुसता पाठ म्हणतो आहे, कोण जाणे.

पट्टी ओरबाडून काढली. फसवलंन मला. अजूनही चिडलो आहे. तिच्यावर, तुझ्यावर, त्या मेकॅनिकवर, कारण त्याचं खरं निघालं. स्वतःवर किती चिडलो आहे ते लिहीत नाही, तुकडा पुरायचा नाही. गेल्या बुधवारी त्याच गाडीत माझ्या भरवशावर एक एकोणीस वर्षांची मुलगी शिकत होती. तिचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

शाळेची चावी परत केली. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, या वेळी उठून येणार नाही.

रविवारी मी बसने येतो आहे. स्टँडवर तू घ्यायला ये. गाडी तू चालव, मी शेजारी बसून तुझ्या चुका काढीन, तेवढं तरी माझ्याकडे राहू दे. निघायच्या आधी दिवे मोज. मोठ्याने मोज, मला ऐकू येईल असं.

माया होती तशीच असू दे.

तुझा,
दादा