ओट्यावरचा पहारा

दि. २ फेब्रुवारी

ती. आईस, सा. न. वि. वि.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून मुद्दाम पत्र. तुझ्या स्वयंपाकघरात बसवलेल्या कॅमेऱ्यातून काल ऑफिसात बसून पाहिलं, तर शेगडीवर दूध उतू जात होतं आणि तू तिथेच उभी राहून भलतीकडे बघत होतीस. आता तू एकटी राहायचं नाहीस. महिनाअखेरीस घराला कुलूप लावून तुला इकडे घेऊन येते. यांचंही तेच म्हणणं आहे. हट्ट करू नकोस.

राग आला तरी माया आटवू नये.

तुझी,
चिमणी

दि. ७ फेब्रुवारी

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

अगं, भलतीकडे कुठे? मी तुझ्या कॅमेऱ्याकडेच बघत होते! चारचौघांत असल्यासारखं वाटतं, म्हणून केस सारखे करत होते. उभ्या जन्मात उतू गेलं नाही ते दूध तुझ्या पहाऱ्यात गेलं. हल्ली भाजी चिरायलाही मी ठेवणीतले कपडे घालते. शेजारची शिंपीण विचारत होती, रोज कुणाचं लग्न असतं म्हणून.

मला या नव्या वस्तूंचं नवलच वाटतं. दार उघडं राहिलं की फ्रिज ओरडतो, पट्टा लावला नाही की गाडी ओरडते. पूर्वी एवढं ओरडायला घरात सासू लागायची.

बरं, येते मी. पण मुलगी देताना लोक सासरचं घर बघतात, मग आई न्यायची तर तिला नको का बघायला? तसलाच एक कॅमेरा आठवडाभर तुझ्या ओट्यासमोर लाव. फोनमध्ये कसं बघायचं ते मला येतं. येत नाही असं दाखवलं की तुम्ही लोक जरा जास्त वेळ जवळ बसता, एवढंच.

जावईबापूंना आशीर्वाद. तुझ्या वाटचा नेहमीसारखा जास्त.

आई

दि. १९ फेब्रुवारी

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

शब्द पाळलास, बरं वाटलं. आठवडाभर पाहिलं. ओटा लख्ख आहे. त्यावर काही सांडत नाही, कारण काही शिजतच नाही. तू डब्यातूनच जेवतेस, तेही उभ्याउभ्या. जावईबापू फोनमध्ये डोकं घालून येतात, पाणी पितात आणि तसेच जातात. परवा फ्रिजला धडकले आणि त्याचीच माफी मागून गेले. माणूस सज्जन आहे, त्यात वाद नाही.

पण मंगळवारी तू फ्रिज उघडून उभी राहिलीस आणि किती तरी वेळ डोळे पुसत होतीस. फ्रिज ओरडत होता, तरी घरातलं कुणी फिरकलं नाही. पोरी, माझं दूध उतू गेलेलं तुला ऑफिसातून दिसलं. तुझं मन उतू गेलं ते कुणी पाहिलं? मी माझं घर बंद केलं तर तुला माहेर कुठलं? कुलूपच लावायचं तर तुझ्या घराला लाव आणि इकडे ये.

जीव लागून राहिलेली,
आई

दि. २४ फेब्रुवारी

ती. आईस, सा. न. वि. वि.

ऑफिसच्या जिन्यात बसून तुझं पत्र वाचलं. आधी रडले, मग यांनी फ्रिजची माफी मागितली ते आठवून हसले. त्या मंगळवारी माझी बढती दुसऱ्याला मिळाली होती. घरी सांगायचा धीर झाला नव्हता. तुझं पत्रच यांच्यापुढे ठेवलं. ते इतके खजील झाले की रात्री फोन कपाटात ठेवून माझ्यासमोर जेवायला बसले. माझ्या ऑफिसबद्दल एवढं कधी विचारलं नव्हतं त्यांनी.

आई, तू जिंकलीस. तुझ्या घराला कुलूप लावायचं नाव या घरात कुणी काढणार नाही. इथला कॅमेरा मी उतरवला, तुझा शिंपीणबाईंकडून काढून घे. मी शनिवारी येते, चांगली दोन आठवड्यांची रजा टाकून.

हरलेली आणि खूश असलेली,
चिमणी

दि. २७ फेब्रुवारी

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

शिंपीणबाई कशाला? मीच स्टुलावर चढून कॅमेरा काढला. तुला दिसलं नाही ना? तेच तर हवं होतं.

शनिवारी ये. केस विंचरले नाहीस तरी चालेल, मीही नाही विंचरणार. तू आलीस की दूध तापत ठेवते. बोलण्याच्या नादात उतू गेलं तर जाऊ दे.

आपल्याच घरातून,
आई