सुटलेली कड

२ नोव्हेंबर, गुरुवार

शेजारच्या वकिलांचं फाटक म्हणे पुढे आलं. इतकी वर्षं गप उभं होतं, आणि नेमकं काल बाबा गाडी वळवताना पुढे आलं! गाडीची डावी बाजू दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत खरवडून निघाली आहे.

मग व्हायचं तेच झालं. मी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा विषय काढला. त्यांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं — समोरचं उत्तम, पण डाव्या कडेचं दिसणं गेलंय, गाडी चालवू नका. बाबांचा आवाज चढला. "त्या बाईला यंत्रातलं दिसतं. मला रस्त्यावरचं दिसतं." आई स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिली.

शेवटी पैज लागली. गाडी बाबा स्वतः रंगवणार, अंगणातच, रोलरने. रंगवून झाली की वकील तपासणार. एक जरी जागा सुटलेली सापडली तर चावी माझी. नाही सापडली तर या घरात डोळ्यांचा विषय पुन्हा निघायचा नाही.

मी हो म्हटलं. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही, असं वाटलं. जरा जास्तच हुशार समजते मी स्वतःला.

४ नोव्हेंबर

रंगाच्या दुकानात गेलो, चालत. दुकानदार म्हणाला, "रोलरने? काका, गाडी आहे की भिंत?" बाबा म्हणाले, "भिंतच समज. चाकं आहेत एवढंच."

निळा ऑइलपेंट, टर्पेंटाइन, स्पंजाचे छोटे रोलर, पॉलिश पेपर. येताना पिशवी त्यांनी मला उचलू दिली नाही. वाटभर मला शिकवत होते — रंग दुधासारखा पातळ करायचा, एकेक हात पातळ द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग ओल्या पॉलिश पेपरने घासायचा आणि पुढचा हात. घाई केली की संत्र्याच्या सालीसारखी गाडी होते. निवृत्त झाल्यापासून इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

६ नोव्हेंबर

घासकाम. काचांवर वर्तमानपत्रं, दिव्यांवर चिकटपट्ट्या. बाबा जुना पायजमा घालून, आईचा फडका डोक्याला बांधून! चिमणी शाळेतून आली ती दारातच थांबली. "आई, अंगणात कोण आहे?" माझी लेक आजोबांना ओळखेना. सगळे पोट धरून हसलो.

७ नोव्हेंबर

रंगाचा पहिला हात. मी लॅबमधल्या कामावरून दुपारी घरी आले तेव्हा बाबा जेवून झोपले होते. गाडीभोवती एक चक्कर मारली. पुढच्या दाराची कड सुटलेली, हातभर. बॉनेटवर एक पट्टा. डिकीवर एक.

मला आनंद व्हायला हवा होता. चावी जवळजवळ मिळालीच की! पण खिडकीतून ते दिसत होते — नखांत निळा रंग, तोंड उघडं, गाढ. पहिल्याच दिवशी कशाला हिरमोड, म्हटलं. रोलर घेतला आणि तिन्ही जागा भरून टाकल्या.

एवढंच. पहिला तर हात आहे.

८ नोव्हेंबर

बाबांनी मला हाताला धरून गाडीभोवती फिरवलं. "बघ. शोध. सापडतंय काही?" मी म्हटलं, नाही बाबा. "मला दिसत नाही म्हणे!" आणि पाठीवर थाप मारली.



१० नोव्हेंबर

दुसरा हात. आज भरण्याआधी नीट पाहिलं, आणि पाहायला नको होतं असं झालं. सुटलेल्या जागा वाटेल तिथे विखुरलेल्या नाहीत. गाडीची बाजू कुठलीही असो, बाबा जिथे उभे राहिले असतील तिथून त्यांच्या डाव्या हाताला. दार असो, टप असो, बॉनेट असो — उजवीकडे काठोकाठ सुंदर, आणि डावीकडे एकदम काही नाही. तिथे गाडी आहे हेच जणू त्यांना माहीत नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं होतं तेव्हा मला अर्धंमुर्धं कळलं होतं. आज पुरतं कळलं. तरी मी ते भरलं. इतकं कळूनही भरलं! याला माया म्हणतात की भित्रेपणा? भित्रेपणाच असावा. माया असती तर बोलले असते.

११ नोव्हेंबर

बाबा वकिलांना फाटकावरून ओरडून सांगत होते, "एक डाग नाही, या बघायला!" मी तोंड फिरवून कपडे वाळत घातले. वाळलेलेच होते.

१३ नोव्हेंबर

आज सुट्टी होती. तिसरा हात चालू असताना चहा घेऊन गेले आणि बाबांच्या डावीकडे जाऊन उभी राहिले. मुद्दाम. हाताच्या अंतरावर. ते रोलर फिरवत होते, गुणगुणत होते, मध्येच स्वतःशी "वा" म्हणाले. माझ्याकडे त्यांचं लक्षच नाही. कप हातात गार व्हायला लागला. मग ते वळले आणि थेट माझ्या अंगावर आले. चहा सांडला, रोलर माझ्या कुडत्यावर.

"अगं, कधी आलीस? चोरपावलांनी काय येतेस!"

चोरपावलांनी! खाई त्याला खवखवे. आत जाऊन कुडता भिजत घातला आणि मोरीतच बसून रडले. मी एवढी मोठी बाई, त्यांना दिसले नाही. रस्त्यात चिमणीएवढं पोर आलं तर?

१४ नोव्हेंबर

जेवताना बाबांनी जाहीर केलं. "शनिवारपासून चिमणीला पोहायला मी नेणार. रंगवलेल्या गाडीतून." चिमणी ताटावरून उठून नाचली. तलाव मोठ्या रस्त्याच्या पलीकडे आहे. आईने मान वर केली नाही.

ही माझी करणी. एका दुपारी सुटलेली जागा भरण्याऐवजी वकिलांना दाखवली असती तर आज चावी माझ्या कपाटात असती. बाबा चार दिवस रुसले असते. रुसू दे ना! रुसलेल्या माणसाची समजूत काढता येते. मी मात्र त्यांना खोटं प्रमाणपत्र लिहून दिलं, दर हातामागे एक, त्यांच्याच रंगाने. आणि ते घेऊन ते माझ्याच लेकीला रस्त्यावर नेणार.

उद्या शेवटचा हात. मी रोलरला शिवणार नाही. जे सुटेल ते सुटेल, वकिलांना दिसेल. बोलायची हिंमत नाही, निदान गप्प बसायची तरी असू दे.

१५ नोव्हेंबर

चौथा हात झाला. सुटलंय. पुढच्या दाराला आणि डिकीला, नेहमीसारखंच; खालचा घासलेला, बिनचमक रंग लगेच दिसतोय. दोनदा अंगणात गेले, दोनदा परत आले. शिवले नाही.

१६ नोव्हेंबर

दुपारी आले तर वकील चष्मा पुसून गाडीशी वाकलेले. बाबा हाताची घडी घालून. मी अंगणाच्या कडेलाच थांबले. वकिलांनी पूर्ण फेरी मारली, बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "निर्दोष मुक्तता!"

मी धावत जाऊन पाहिलं. दाराची कड भरलेली. डिकी भरलेली. काठोकाठ. एक क्षण असं वाटलं की बाबांनाच दिसलं! जीव इतका हलका झाला की काय सांगू. चुकलो आपण सगळे, डॉक्टरीणबाईसुद्धा.

आत आले तर आई कणीक मळत होती. अंगठ्याच्या नखात निळा रंग.

"तू?"

"काल ते चिमणीला घेऊन फिरायला गेले तेव्हा."

मी चिडले. खूप चिडले — जणू मी कुणी धुतलेला तांदूळच. माहीत आहे ना त्यांना दिसत नाही, मग का केलंस? आईने हात थांबवले नाहीत. "तुझ्या आधीपासून झाकतेय मी. वर्ष झालं. गाडीत शेजारी बसून इतकी बडबड करते ती काय हौस म्हणून? सायकल आली, म्हातारी आली, कुत्रं आलं... त्यांच्या डावीकडचं सगळं मीच तर बघते. त्या दिवशी नव्हते मी गाडीत, तर फाटक."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललीस?"

मग कणीक झाकून ठेवत म्हणाली, "माझ्या वडिलांची गाडी काढून घेतली होती भावांनी. त्यानंतर ते खुर्चीत बसले ते बसलेच. मला यांना तसं बघायचं नाही." मी पोळपाट ओढून लाटायला बसले. पोळ्या मात्र खूप झाल्या.

१७ नोव्हेंबर

उद्या सकाळी चावी मागणार. सगळं सांगून मागणार. आईला सांगितलं. ती म्हणाली, "बघू."

१८ नोव्हेंबर, शनिवार

चिमणी पोहण्याची पिशवी घेऊन तयार. मी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. बाबा गाडीत बसले. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई आली आणि मागचं दार उघडून मागे बसली.

"पुढे ये की," बाबा म्हणाले.

"नाही. आज तुमचं तुम्ही बघा."

बाबा स्टिअरिंग धरून बसून राहिले. इंजिन चालू. मग बंद केलं. हळूच म्हणाले, "तू मागे बसणार असशील तर मग नको."

गाडीतून उतरले, दार अलगद लावलं, चिमणीची पिशवी खांद्याला घेतली. "चल, आपण बसने जाऊ," तिला म्हणाले. "पण तू माझ्या डावीकडून चाल. तिकडचं मला काही दिसत नाही."