कराची ते लंडन, वीतभर

आप्पा, कराचीच्या विमानतळावर बसून लिहिते आहे. थोड्या वेळात माझं विमान लंडनला निघेल. तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली, तरी आपलं भांडण मिटलेलं नाही.

बेळगावच्या शहापुरातलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. चुलीवर सुताला लावायची खळ शिजते आहे, मी धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरते आहे आणि तुम्ही पलीकडे हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून सांगता आहात, "आपली पोरगी शहापूर-वडगावच्या भाईर द्याची न्हाय." विणकरांची रीतच ती. सूत सांधायला शिकलेली मुलगी बेळगुंदीला शेतकऱ्याच्या घरी दिली, की शिकवलेलं सगळं पाण्यात. मला तर पुण्याला नर्सिंग शिकायचं होतं. तिथून पुढे विलायतेलाही जाता येतं, कराचीहून विमान सुटतं, असं शाळेतल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी पृथ्वीचा गोल पुढ्यात ठेवला. परकराला चिकटून आलेला लाल धागा मी कराचीपासून लंडनपर्यंत ताणून धरला. वीतभरही भरला नाही! बाई म्हणाल्या, चार हजार मैल, विमान थांबत थांबत जातं, आठवडा लागतो. तेवढा धागा तोडून मी पळत घरी आले.

"आप्पा, लंडन बगा एवढंच हाय."

तुम्ही धागा बोटांत फिरवलात. "सूत पक्कं हाय," म्हणालात. मागावर ताण्यातला एक उभा धागा तुटला होता, तिथे माझं लंडन सांधून टाकलंत! मी आकांडतांडव केलं. "गप गं. लांब गेलेली मानसं परत येत्यात व्हय?" एवढं बोलून तुम्ही पुन्हा धोटा फेकायला लागलात.

आजही म्हणते, तुम्ही चुकलात. तुमच्या माघारी आई नको नको म्हणत असताना मी पुण्याला गेले, नर्स झाले, परत बेळगावातच आले. आले की नाही परत? आता दवाखाना मला पुढच्या शिक्षणाला धाडतो आहे. लढाई संपली, बोटी घरी परतणाऱ्या गोऱ्या सोल्जरांनी भरल्यात, म्हणून विमान. आठवड्याचा प्रवास आता दोन-तीन दिवसांवर आला आहे. तुमच्या मागावरून एक लुगडं उतरायला याहून जास्त दिवस लागत.

माझा धागा सांधलेलं ते लुगडं तुम्ही संकेश्वरच्या बाजारात विकलं असणार, असंच मी धरून चालले होते. निघताना आईने ते ट्रंकेतून काढलं. म्हणाली, "हिरव्यात तांबडा धागा, कोन घेतंय, म्हनायचे. पर मलाबी कवा नेसू दिलं न्हाय." एवढ्याने मी विरघळेन असं समजू नका. लुगडं जपण्यापेक्षा मला जाऊ दिलं असतंत, तर बरं झालं असतं.

नावं पुकारायला लागले आहेत. हा कागद पर्समध्येच राहील, तुमचा पत्ता कुठे आहे माझ्याकडे? तेच लुगडं नेसले आहे. तो लाल धागा पदरात हाताला लागतो, मघापासून मी तो घट्ट धरून बसले आहे. आप्पा, मला लई भ्या वाटतंय. पण मी चढणार.